न्यूट्रॉन ग्रहणानंतर नेमके काय तयार होते, हे कसे ठरवावे?

प्रश्न

मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकत आहे. अणुकेंद्रकाने मंद (अगदी कमी ऊर्जेचा) न्यूट्रॉन ग्रहण केल्यावर कोणते उत्पादन मिळेल, असे विचारले की माझा गोंधळ उडतो. कोबाल्ट-५९ साठी मी निकेल-६० आणि इलेक्ट्रॉन असे लिहिले. वस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) आणि प्रभार दोन्ही बाजूंना जुळत होते, तरीही उत्तर चूक ठरले. बोरॉन-१० मधून अल्फा कण (हेलियम-४ चे केंद्रक) बाहेर पडतो, नायट्रोजन-१४ मधून प्रोटॉन आणि कोबाल्टमधून फक्त गॅमा किरण, हे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही का?

पहिले उत्तर

तुमची बेरीज बरोबर आहे, पण दोन वेगळ्या घटना तुम्ही एका समीकरणात कोंबल्या आहेत. न्यूट्रॉनवर प्रभार नसल्यामुळे तो आत शिरताच अणुक्रमांक तोच राहतो आणि वस्तुमानांक एकाने वाढतो, म्हणजे प्रथम कोबाल्ट-६० तयार होते. त्याच्याकडे सुमारे ७.५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) इतकी जास्तीची ऊर्जा असते आणि ती अत्यल्प काळात गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर पडते. ग्रहणाची अभिक्रिया इथे संपली. त्यानंतर ५.२७ वर्षांच्या अर्धायुष्याने (निम्मे अणू बदलायला लागणारा काळ) कोबाल्ट-६० चा बीटा ऱ्हास, म्हणजे एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन इलेक्ट्रॉन बाहेर पडणे, घडून निकेल-६० मिळते, तो पुढचा अंक. कोबाल्टचे म्हणून प्रसिद्ध असलेले १.१७ आणि १.३३ एमईव्हीचे गॅमा किरणही वास्तविक या ऱ्हासानंतर उत्तेजित निकेलमधून येतात. ग्रहणाच्या क्षणी निघणारे किरण निराळे.

पाठांतराची गरज मात्र बरीच कमी करता येते. नायट्रोजन-१४ घ्या. न्यूट्रॉन मिळाल्यावर उत्तेजित नायट्रोजन-१५ बनते आणि त्यातून प्रोटॉन गेला तर कार्बन-१४ उरेल, अल्फा कण गेला तर बोरॉन-११. अंकांच्या हिशेबाने दोन्ही शक्य आहेत, म्हणून आता वस्तुमाने तपासा. डावीकडे १४.००३०७४ आणि १.००८६६५ मिळून १५.०११७३९ अणुवस्तुमान एकक होतात. कार्बन-१४ आणि हायड्रोजन यांची बेरीज १५.०११०६७ येते, ती कमी असल्याने सुमारे ०.६३ एमईव्ही ऊर्जा मोकळी होते. बोरॉन-११ आणि हेलियम यांची बेरीज मात्र १५.०११९०८, म्हणजे डाव्या बाजूपेक्षा जास्त आहे. ही तूट भरून काढण्याइतकी गतिज ऊर्जा मंद न्यूट्रॉनकडे नसते, म्हणून अल्फाचा मार्ग बंद. बोरॉन-१० साठी हाच हिशेब केला, तर लिथियम-७ आणि अल्फा कण या जोडीला २.७९ एमईव्ही मिळतात.

एक सूचना, कारण या ठिकाणी गुण हमखास जातात: कोष्टकातील वस्तुमाने इलेक्ट्रॉनांसह संपूर्ण अणूची असतात, त्यामुळे वरच्या गणितात नुसत्या प्रोटॉनचे नव्हे, तर हायड्रोजन अणूचे वस्तुमान घ्यायचे. अन्यथा एका इलेक्ट्रॉनाचे ०.५११ एमईव्ही हिशेबात उगाच शिल्लक दिसतात.

दुसरे उत्तर

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु ऊर्जेची परवानगी मिळाली म्हणजे अभिक्रिया घडलीच, असा समज करून घेऊ नये. थोरियम-२३२ ने न्यूट्रॉन घेतल्यावर अल्फा कण बाहेर पडणे वस्तुमानांच्या हिशेबात बसते, पण जड अणुकेंद्रकाभोवतीचा विद्युत अडसर इतका उंच असतो की प्रभारित कणाला तो ओलांडण्याची संधी मिळण्यापूर्वीच गॅमा किरण निघून जातात. मंद न्यूट्रॉनांच्या बाबतीत प्रोटॉन किंवा अल्फा कण बाहेर पडण्याची ठळक उदाहरणे हलक्या अणुकेंद्रकांत सापडतात, त्याचे एक मोठे कारण हेच. तिथेही उत्पादन एकच असते असे नाही. नायट्रोजन-१४ मध्ये प्रोटॉनच्या मार्गाचा क्रॉस सेक्शन (अभिक्रिया घडण्याच्या शक्यतेचे माप, बार्न या एककात) साधारण १.८ बार्न आहे, तर गॅमा देऊन नायट्रोजन-१५ होण्याचा ०.०८ बार्नच्या आसपास. वातावरणात वैश्विक किरणांमुळे निर्माण झालेल्या न्यूट्रॉनांपासून कार्बन-१४ सतत तयार होत राहते, ते या पहिल्या मार्गाने.

थोरियमची पुढची साखळीही पाहण्यासारखी आहे. थोरियम-२३३ चे अर्धायुष्य सुमारे २२ मिनिटांचे, त्यापासून होणाऱ्या प्रोटॅक्टिनियम-२३३ चे २७ दिवसांचे, आणि शेवटी युरेनियम-२३३, जे कल्पाक्कमच्या ‘कामिनी’ अणुभट्टीचे इंधन आहे. या २७ दिवसांत अणुभट्टीत असलेल्या प्रोटॅक्टिनियमने आणखी एक न्यूट्रॉन घेतला तर तो अणू युरेनियम-२३४ कडे जातो. म्हणून ‘अंतिम उत्पादन कोणते’ असे विचारले असेल, तर किती वेळाने आणि कोणत्या न्यूट्रॉन-प्रवाहात, हे सांगितल्याशिवाय प्रश्नच अपुरा ठरतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ही पद्धत मी ॲल्युमिनियम-२७ वर वापरून पाहिली. मंद न्यूट्रॉनाने ॲल्युमिनियम-२८ आणि गॅमा, नंतर बीटा ऱ्हासाने सिलिकॉन-२८. अल्फा देऊन सोडियम-२४ होण्यासाठी ३.१३ एमईव्ही कमी पडतात, म्हणजे तेवढ्या ऊर्जेचा न्यूट्रॉन असला की तो मार्ग खुला होईल, हे बरोबर ना?

पहिले उत्तर देणारे

पहिला भाग अचूक आहे. ॲल्युमिनियम-२८ चे अर्धायुष्य सव्वादोन मिनिटांच्या आसपास आहे. दुसऱ्या भागात किंचित दुरुस्ती हवी. संवेगाची अक्षय्यता राखण्यासाठी न्यूट्रॉनची काही ऊर्जा संपूर्ण प्रणालीच्या गतीतच अडकते, त्यामुळे ३.१३ ला २८/२७ ने गुणावे लागते आणि उंबरठा ३.२५ एमईव्हीच्या आसपास येतो. शिवाय तो ओलांडताच सोडियम-२४ भरपूर मिळू लागेल असेही नाही, कारण अल्फा कणापुढे मघाचा विद्युत अडसर ॲल्युमिनियममध्येही उभाच असतो.