एकोणीस हात वर झाले आणि बजेट पास. हे चालतं का?

चौथा_मजला
आमचं पुण्यातलं अपार्टमेंट. सोसायटी नव्हे, 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं कंडोमिनियम. 142 फ्लॅट, खाली 9 दुकानं. परवाच्या वार्षिक सभेत बजेट 58 लाखांवरून 81 लाखांवर गेलं, कारण दोन्ही लिफ्ट बदलायच्यात. लिफ्टला माझा विरोध नाही, आई गुडघ्यांनी बेजार आहे. राग आहे तो बजेट पास झालं त्या पद्धतीचा. दहाची सभा, साडेदहाला जेमतेम सत्तावीस डोकी, सभेला लागणाऱ्या किमान हजेरीपेक्षा कमी. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं, "कोरम नाही, सभा अर्धा तास तहकूब" म्हणाले. चहा आणि क्रीमरोल फिरले. अकराला त्याच सत्तावीस जणांत हात वर, 19 विरुद्ध 8. टाळ्या!

माझ्या डीडमध्ये माझा अविभक्त हिस्सा, म्हणजे जमीन, जिने अशा सामाईक मालकीतला वाटा, 0.58 टक्के लिहिलाय. सगळ्यांचा तेवढाच धरला तरी 19 जणांचे होतात 11 टक्के. कायद्यात बहुमत म्हणजे घोषणापत्रातल्या (बिल्डिंग या कायद्याखाली आणणाऱ्या दस्तातल्या) टक्केवारीनुसार 51 टक्के मतं. मग हे पास कसलं?

माजी_खजिनदार
तीन वर्षं ही हमाली केलीय, म्हणून बोलतो. 51 टक्के आणायचे कुठून? निम्मे मालक घर भाड्याने देऊन बाहेर. उरलेल्यांना रविवारी सकाळीच सिंहगड आठवतो. वॉचमनचा पगार सात तारखेला द्यावाच लागतो, महावितरण तुमच्या कोरमसाठी थांबत नाही. अर्ध्या तासाने सभा घेणं सगळीकडे चालतं.

लेजरबुक
सगळीकडे नाही हो, सहकारी सोसायट्यांत. तिथे कोरम दोन तृतीयांश सभासद किंवा 20, यातला कमी असेल तो. म्हणजे सत्तावीस जणांत सोसायटीची सभा तहकूबसुद्धा करावी लागली नसती! अपार्टमेंटच्या नमुना उपविधीत, म्हणजे कारभाराच्या नियमावलीत, तहकुबीनंतर किमान 48 तासांचं अंतर लागतं. तुमच्या सेक्रेटरींनी एकीकडचा नियम दुसरीकडे लावला. पुण्यात ही गल्लत दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये दिसते, कारण बोलताना आपण सगळ्यालाच 'सोसायटी' म्हणतो.

शटरवाला
माझं तळमजल्यावर दुकान आहे. माझा हिस्सा मोठा, त्यामुळे मेंटेनन्स टूबीएचकेच्या दीडपट. लिफ्टमध्ये मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. आणि सभेत हात मोजताना माझा एकच हात? कंडोमिनियममध्ये मेंटेनन्स हिश्श्यानेच घ्यायचा, हे 2025 साली मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं. पैसे टक्क्याने घेता, मग मतही टक्क्यानेच मोजा.

शुभदा_ताई
शटरवाले, पैशांचं पटलं. मताचं नाही. आमच्याकडे वरच्या दोन मजल्यांवर चार मोठे फ्लॅट एकाच कुटुंबाचे. पाण्याचा टँकर आणायचा की क्लबहाऊसला एसी बसवायचा, यात त्यांचं पारडं कायम जड. वनबीएचकेतल्या बाईलाही पाणी तेवढंच लागतं ना? सोसायटीत एक सभासद, एक मत असतं, ते मला जास्त माणुसकीचं वाटतं. कायदा आज तुमच्या बाजूने आहे हे कबूल. बदलायला हवा असं माझं म्हणणं.

सिएटलहून_नाना
इकडे वॉशिंग्टन राज्यात गंमत उलटी आहे. बोर्ड बजेट बनवतं, सगळ्यांना पाठवतं आणि त्यानंतर 14 ते 50 दिवसांत मालकांची सभा लावतं. तिथे एकूण मतांच्या बहुमताने ते फेटाळलं नाही तर ते मंजूर, कोरम असो वा नसो. फेटाळलंच तर मागचं बजेट चालू राहतं. माझ्या बिल्डिंगमध्ये अजून एकदाही फेटाळलेलं बघितलं नाही. मागच्या सभेला आम्ही सहा जण होतो, त्यातले तिघे बोर्डाचेच.

माजी_खजिनदार
नाना, हेच आणा इकडे! विरोध असेल त्याने दारं वाजवावीत, आम्ही का वाजवायची?

चौथा_मजला
कारण बजेट तुम्ही मांडलंय! घरी न विचारता जेवायला पन्नास माणसं बोलवायची आणि वर म्हणायचं, कुणी नको म्हटलं नाही. नानांच्या नियमात निदान बजेट आधी हातात पडतं. आम्हाला ते सभेत, क्रीमरोलबरोबर मिळालं. एका ओळीत लिफ्ट 19 लाख, खाली 'किरकोळ व इतर' 4 लाख. त्या चार लाखांत काय आहे, हे विचारायला मी उठलो तेव्हा मतदान संपलं होतं.

लेजरबुक
चौथा_मजला, वाद नंतर घाला. आधी घोषणापत्र आणि त्याला जोडलेली उपविधी काढा. तुमच्याकडचे नेमके आकडे त्यात असतील.

चौथा_मजला
काल मागितलं. ऑफिसच्या कपाटात आहे म्हणे. चावी मागच्या सेक्रेटरींकडे, आणि ते मुलीकडे बंगळुरूला गेलेत.