मत प्रत्येकाला एकच. मग श्रीमंतांचे राजकीय वजन अधिक का?

अर्धविराम:
लोकशाहीत प्रत्येक प्रौढ नागरिकाला एकच मत असते आणि धनवान मंडळी सर्वत्र मूठभर असतात. केवळ संख्याबळाचा विचार केला, तर धोरणे बहुसंख्यांच्या बाजूने झुकायला हवीत. लोकशाही म्हणजे गरिबांचे राज्य, असे अ‍ॅरिस्टॉटल म्हणत असे, आणि ते त्याने कौतुकाने म्हटले नव्हते. प्रत्यक्षात मात्र वारसा कर, कंपन्यांवरील कर, कामगार कायदे अशा विषयांवर अनेक देशांत उलटेच घडताना दिसते. पैशाने मते विकत घेतली जातात, हे सोपे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण मतदान गुप्त असते आणि पैसा ओतूनही पराभूत झालेल्यांची उदाहरणे कमी नाहीत. २०२० साली मायकेल ब्लूमबर्ग यांनी अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी स्वतःचे सुमारे १०० कोटी डॉलर खर्च केले आणि अमेरिकन सामोआ या छोट्या बेटसमूहाखेरीज त्यांना कोठेही विजय मिळाला नाही. तेव्हा संपत्तीचे रूपांतर राजकीय प्रभावात नेमके कोणत्या टप्प्यावर होते, हे जाणकारांनी उलगडून सांगावे.

तिऱ्हाईत:
आपण मतदानाच्या दिवसाकडे पाहत आहात. पैशाचे काम त्याच्या कितीतरी आधी उरकलेले असते. उमेदवारी मागणे कोणाला परवडेल, विधेयकाचा पहिला मसुदा कोणाच्या सूचनांवर बेतला जाईल, कोणता विषय सभागृहापुढे येईल आणि कोणता येणारच नाही, हे सारे ठरून गेल्यावर उरलेल्या पर्यायांतून मतदार निवड करतो. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सत्ता म्हणजे केवळ वाद जिंकण्याची ताकद नव्हे, वाद उभाच राहू न देण्याची ताकद हीसुद्धा सत्ताच आहे, हे १९६२ मध्ये पीटर बॅकरॅक आणि मॉर्टन बॅरॅट्झ या दोन अभ्यासकांनी मांडले.

याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील इंडियाना राज्यात सापडते. गॅरी आणि ईस्ट शिकागो ही तेथील शेजारशेजारची दोन पोलादनिर्मितीची शहरे. काळवंडलेली हवा दोन्हीकडे होती. ईस्ट शिकागोने प्रदूषणाविरुद्ध १९४९ मध्ये नियम केला. गॅरीत मात्र त्यासाठी १९६२ उजाडावे लागले. मॅथ्यू क्रेन्सन यांनी या तफावतीचा शोध घेतला. गॅरीवर यू. एस. स्टील या एकाच कंपनीचे वर्चस्व होते. शहर तिनेच वसवले होते आणि शहराला नावही तिच्याच अध्यक्षांचे होते. गंमत म्हणजे नियम होऊ नये म्हणून कंपनीने फारशी उघड धडपड केलीच नव्हती. ती बहुतांशी गप्प राहिली आणि तिला काय रुचणार नाही याचा अंदाज बांधून इतरांनीच वर्षानुवर्षे या विषयाला हात घातला नाही. लाच नाही, धमकी नाही, साधे पत्रही नाही. अशा प्रभावाची नोंद निवडणूक खर्चाच्या कोणत्या हिशेबात सापडणार?

वजाबाकी:
तिऱ्हाईत यांचा मुद्दा मान्य आहे, मात्र आकडेवारीबाबत थोडी सावधगिरी हवी. मार्टिन गिलेन्स आणि बेंजामिन पेज यांचा २०१४ चा अभ्यास अशा चर्चेत आज ना उद्या येतोच, म्हणून आधीच सांगतो. त्यांनी १९८१ ते २००२ या काळातील अमेरिकेतील १,७७९ धोरण-प्रस्ताव तपासले आणि असा निष्कर्ष काढला की, श्रीमंतांची आणि संघटित हितसंबंधांची पसंती हिशेबात घेतल्यावर सर्वसाधारण नागरिकाच्या पसंतीचा स्वतंत्र परिणाम जवळजवळ शून्य उरतो. यावरून सामान्य माणूस नेहमीच हरतो, असे सांगितले जाते. ते चूक आहे. मध्यम उत्पन्न गट आणि श्रीमंत यांचे यांपैकी बहुतेक प्रस्तावांवर एकमतच होते, हे टीकाकारांनी नंतर दाखवून दिले. म्हणजे सामान्यांना हवे ते पुष्कळदा मिळते, पण श्रीमंतांनाही तेच हवे असते तेव्हा. (यात समाधान मानावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.)

दुसरे असे की, पैशाइतकाच संघटनेचाही विचार करायला हवा. अमेरिकेत साखरेच्या आयातीवर निर्बंध असल्याने तेथील ग्राहक जागतिक बाजारापेक्षा महाग साखर घेतो. एकेका ग्राहकाचे नुकसान इतके किरकोळ की त्यासाठी कोणी मोर्चा काढणार नाही. मोजक्या उत्पादकांचा लाभ मात्र इतका मोठा की राजधानीत कायमची माणसे पोसणे त्यांना परवडते. हीच ताकद एके काळी कामगार संघटनांनी उलट्या दिशेने वापरली होती.

जुना सभासद:
कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. ब्रिटनने उमेदवारांच्या खर्चावर १८८३ मध्येच मर्यादा घातली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये देणगीवरील मर्यादा वैध ठरवली, परंतु खर्चावरील मर्यादा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच म्हणून रद्द केली. २०१० मध्ये कंपन्या आणि कामगार संघटनांनाही स्वतंत्रपणे अमर्याद खर्च करण्याची मुभा मिळाली. भारतात उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही, आणि त्यामुळे पहिली मर्यादा बरीचशी कागदावरच राहते. निवडणूक रोखे रद्द करणारा १५ फेब्रुवारी २०२४ चा निकाल मात्र मुळातून वाचावा. देणगीदाराचे नाव गुप्त ठेवण्यावर त्यात बोट आहेच; शिवाय कंपन्यांच्या देणग्यांवरील, सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा उठवणारी २०१७ ची दुरुस्तीही न्यायालयाने मनमानी ठरवली, कारण राजकीय प्रक्रियेवर प्रभाव टाकण्याची कंपनीची क्षमता आणि व्यक्तीची क्षमता यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

अर्धविराम:
सर्वांचे आभार. गॅरीचे उदाहरण मला ठाऊक नव्हते. मग देणग्यांवर कडक मर्यादा घातली, तरी मूळ असमतोल तसाच राहणार, असे समजायचे का?

तिऱ्हाईत:
बराचसा तसाच राहील. फ्रान्समध्ये १९८१ साली समाजवादी नेते मितराँ स्पष्ट जनादेश घेऊन अध्यक्षपदी निवडून आले, बँकांचे राष्ट्रीयीकरण केले, वेतन वाढवले. भांडवल देशाबाहेर जाऊ लागले, महागाई आणि व्यापारतूट यांची त्यात भर पडली, फ्रँकचे तीनदा अवमूल्यन झाले आणि मार्च १९८३ मध्ये सरकारला काटकसरीकडे वळावे लागले. हा सगळाच दोष भांडवलदारांवर ढकलता येणार नाही, हे मान्य. तरी त्या दोन वर्षांत कोणत्याही पक्षाला एक पैशाची देणगी मिळाली नसती, तरी हा दबाव असाच आला असता.

जुना सभासद:
म्हणून मर्यादा निरुपयोगी ठरत नाहीत. सिअ‍ॅटल शहरात २०१७ पासून स्थानिक निवडणुकांसाठी नागरिकांना प्रत्येकी २५ डॉलरची चार कुपने मिळतात; ती हव्या त्या सहभागी उमेदवाराला द्यायची आणि खर्च मालमत्ता करातून भागवायचा. त्यामुळे देणगीदारांची संख्या वाढली आणि पूर्वी कधी राजकारणाला पैसे न दिलेली माणसे त्यात आली. उमेदवारी परवडण्याचा प्रश्न अशाने हलका होतो. गॅरीतल्या त्या शांततेवर मात्र कुपनांचा इलाज चालेल, असे मलाही वाटत नाही.