शेवटच्या बाकावरच्यांचं नक्की करायचं काय?

खडूचा_डाग:
आठवीला गणित शिकवतो, तालुक्याच्या गावची अनुदानित शाळा, वर्गात पोरं साठाच्या घरात. मागच्या दोन बाकांवरचे चार-पाच जण वहीच काढत नाहीत, मधेच एकजण मांजराचा आवाज काढतो की गेली पाच मिनिटं. स्टाफरूममधे यावर उपाय एकच, "दोन ठेवून द्या". ते मी करणार नाही, आणि आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम १७ प्रमाणे मारणं सोडाच, मानसिक त्रास देणंही चालत नाही. माझं म्हणणं असंय की या पोरांना कंटाळा वगैरे नंतरचा, आधी समोरचं कळतच नसतं, आणि चारचौघांत ढ ठरण्यापेक्षा मस्तीखोर ठरलेलं परवडतं. 'सूट व कमिशन' चालू होतं, पुस्तकातली गणितं बाजूला ठेवून कांद्याची पट्टी, म्हणजे बाजार समितीतल्या विक्रीचा हिशोब, फळ्यावर लिहिली, वजन, भाव, हमाली, तोलाई, आणि मुद्दाम अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, तेपण शेतकऱ्याच्या नावावर कापलं. मांजरवाला जागेवरनं ओरडला, "ओ सर, अडत शेतकऱ्याकडनं नाय कापत आता, व्यापारी देतो!" बरोबर होतं त्याचं, २०१६ पासून भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घेतात. त्यालाच फळ्यापाशी बोलावलं, सगळी पट्टी दुरुस्त केली पठ्ठ्याने, आकडेमोड तोंडी. फक्त तेच कागदावर मांड म्हटल्यावर हात थांबला. आता बोला.

चष्मेवाली_बाई:
सर, छानच, पण एका पट्टीवर वर्ष निघत नाही. बैजिक राशींचे अवयव शिकवताना कुठल्या मार्केट यार्डातली पट्टी आणणार? तास पस्तीस मिनिटांचा, त्यात हजेरी, त्यात कोणीतरी नोटीस घेऊन येणार. मी सरळ पुढच्या बाकावर आणून बसवते, आवाज केला तर तासभर उभा, आणि पालकांना फोन. गोड वाटत नाही पण वर्ग चालतो.

पालक_एक:
माझी मुलगी अशाच वर्गात तिसऱ्या बाकावर बसते, शांत आहे, वही पूर्ण असते, म्हणून बाईंना ती दिसतच नाही. रोज घरी आल्यावर मस्ती करणाऱ्यांचीच नावं ऐकतो आम्ही. त्यांना फळ्यापाशी बोलावणार, त्यांचं कौतुक करणार, मग गप्प बसणाऱ्यांनी काय घोडं मारलंय? शेवटी आम्ही क्लास लावलाच ना, फी भरून.

छडीवाले_गुरुजी (निवृत्त):
आमच्या वेळी नुसतं व्हरांड्यात पाऊल वाजलं तरी वर्ग गार व्हायचा. कायद्याने हात बांधले आणि वर आठवीपर्यंत नापास करायचं नाही, मग पोरगं अभ्यास करेल कशाला?

बोरू:
गुरुजी, तुमच्या वेळी वर्ग गार व्हायचा हे खरं, पण जे मार खाऊन पाचवीतच शाळा सोडून गेले ते मोजले का कोणी? आणि नापास न करणं आता तसं राहिलेलं नाही. २०१९ला कायदा बदलला, आपल्याकडे २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाला तर पुन्हा परीक्षा, त्यातही गेला तर त्याच वर्गात. माझी जिल्हा परिषद शाळा ऊसतोडीच्या पट्ट्यातली. दिवाळीच्या सुमारास पोरं आईबापाबरोबर फडावर जातात ती मार्च-एप्रिलला उगवतात. दाखला वयाप्रमाणे सहावीचा, वाचन तिसरीचं. तो वर्गात दंगा नाही करणार तर काय करणार? त्याला मागे ठेवा नाहीतर पुढे ढकला, वाचायला शिकवणारा माणूस कुठंय? आम्हाला बीएलओची (मतदार नोंदणीच्या कामाची) यादी आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे, वर पोषण आहाराचा हिशोब.

चष्मेवाली_बाई:
हे मान्य. पण मग दोष वर्गातल्या बाईंचा नाही ना? प्रशिक्षणाला गेलं की सांगतात आनंददायी शिक्षण, गटकार्य करा. साठ पोरांचे दहा गट केले तर शेजारच्या वर्गातले सर भांडायला येतात. कायद्यात सहावी ते आठवीला पस्तिसाला एक शिक्षक म्हटलंय, आमच्याकडे तुकडी कमी होईल या भीतीने पट कागदावर वेगळा आणि बाकांवर वेगळा. आणि एक सांगते, दंगेखोराला मॉनिटर करा म्हणून कोणी सुचवू नका. केला होता. दुसऱ्या दिवसापासून वर्गात दादा झाला, नाव फळ्यावर लिहू नये म्हणून पोरं त्याला चिंचा आणून देत होती.

खडूचा_डाग:
चिंचांचं वाचून हसलो 😄 मॉनिटर मीही करत नाही. पालकांचं म्हणणं मात्र लागलं, गप्प बसणाऱ्या मुली आमच्या नजरेतून सुटतात हे खरंय. पण दंगा करणाऱ्याला उभं करूनही तुमच्या मुलीला वेळ मिळत नाहीच हो, तो उभा राहून खिडकीतनं हातवारे करतो आणि अख्खा वर्ग तिकडे बघतो. माझं एवढंच आहे की शिक्षा देण्याआधी एकेकाला बाजूला घेऊन चौथीच्या पुस्तकातला एक उतारा वाचून घ्या, एक भागाकार करून घ्या. निम्म्यांचं दुखणं तिथेच कळतं. उरलेले निम्मे खरंच बेरके असतात, त्यांना उभं करा, माझी हरकत नाही. पुढच्या आठवड्यापासून शाळा सुटल्यावर अर्धा तास मागच्या बाकांना थांबवून घेणार आहे.

बोरू:
करा सर. चौथीचा उतारा नाही जमला तर दुसरीचा द्या, पण बाकीच्यांसमोर नको.

चष्मेवाली_बाई:
शाळा सुटल्यावर? आमच्याकडची निम्मी पोरं वाड्यावस्त्यांवरून येतात, एसटी पावणेसहाची, त्यानंतर गाडीच नाही. थांबवून दाखवा.