बारा मीटरच्या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी पट्टी मागावी का?

कोथरूडकर: आमच्या सोसायट्यांमधून जाणारा रस्ता १२ मीटर रुंद असून मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवण्यासाठी दुचाकीस्वार आणि मोटारचालक तो सर्रास वापरतात. गेल्या महिन्यात शाळेतून सायकलवर परतणाऱ्या माझ्या मुलीला वळणावर मोटारीचा धक्का लागला. कोपर खरचटण्यावर निभावले, पण तेव्हापासून ती सायकलला हात लावत नाही. रस्त्याच्या फेररचनेसाठी रहिवाशांच्या सूचना मागवल्या आहेत. सायकलींसाठी रंगवलेली पट्टी मागावी, की आणखी गतिरोधक?

आरेखक: मुलीला फारसे लागले नाही हे वाचून हायसे वाटले. आधी मापे पाहू. दोन्ही बाजूंना १.८ मीटरचे मोकळे पदपथ धरले, तर ८.४ मीटर उरतात. त्यातले ६ मीटर येण्याजाण्याला आणि २.४ मीटर एका बाजूच्या पार्किंगला दिले की जागा संपते. तरीही पट्टी रंगवलीच, तर तिच्यावर गाड्या उभ्या राहतील. जंगली महाराज रस्त्यावरचा स्वतंत्र सायकल मार्गसुद्धा दुचाक्यांच्या पार्किंगपासून सुटलेला नाही. म्हणून माझ्या मते इथे पट्टीऐवजी वेग उतरवण्याचाच आग्रह धरावा. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीत ३० च्या तुलनेत जवळजवळ पावणेतीनपट गतिज ऊर्जा असते. नेदरलँड्समध्येही सायकलींना वेगळा मार्ग प्रामुख्याने वेगवान रस्त्यांवर देतात, तर वस्तीतल्या ३० च्या गल्ल्यांत सायकली आणि मोटारी एकाच रस्त्याने जातात.

रोजची सायकल: सहमत आहे, पण नुसता ३० चा फलक लावून कोणी वेग कमी करत नाही, त्यासाठी रस्त्याची घडणच बदलावी लागते. तुमच्या मुलीला धक्का बसला त्या वळणाचा कोपरा आधी आवळून घ्या, कारण ऐसपैस गोलाई असली की चालक ब्रेक न लावताच वळतो. गतिरोधक हवा असेल, तर तो इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मापाचा, म्हणजे गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा. त्यावरून साधारण २५ च्या वेगाने सुखरूप जाता येते. अरुंद, टोकदार उंचवट्यांचा त्रास सायकलस्वारांनाच अधिक होतो. शाळेच्या फाटकासमोर पदपथाच्या पातळीला उचललेले क्रॉसिंग मागा, मात्र त्याच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून नेण्याची सोय आराखड्यातच दाखवायला सांगा.

कोथरूडकर: आभारी आहे. एका बाजूचे पार्किंग गेले तर विरोध होईल, आणि अग्निशमन गाडीचा मुद्दाही निघेल.

आरेखक: पार्किंग एकाच बाजूला ठेवल्यामुळेच मधले ६ मीटर मोकळे राहतात. आज दुतर्फा गाड्या उभ्या असताना किती जागा उरते, ते बैठकीआधी टेपने मोजून ठेवा.