कॉम्प्युटर रडीचा डाव खेळतो राव! आइस हॉकी गेमवाल्यांनो, तुमच्याकडेही असंच होतं का?

निळी_रेषा

गेमचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण मला कुठल्या कंपनीशी भांडायचं नाहीये, मला फक्त कळून घ्यायचंय की हे माझ्याच बाबतीत होतंय का सगळ्यांच्या. आइस हॉकीचा गेम, ऑफलाइन सीझन मोड, डिफिकल्टी सगळ्यात वरच्या लेव्हलच्या एक खाली. मी बरीच वर्षं हॉकी गेम खेळतोय, त्यामुळे बटणं शिकायची आहेत, नियम माहीत नाहीत असला भाग नाही.

कालची मॅच सांगतो. तिसरा म्हणजे शेवटचा पीरियड, मी २-१ ने पुढे, घड्याळात १ मिनिट ४० सेकंद. शॉट माझे २७ आणि त्यांचे ६. म्हणजे अख्खी मॅच पक (ती रबरी चकती) माझ्याकडेच होता, त्यांचा गोली एकटा खेळत होता म्हणा ना. माझा डिफेंडर आपल्या गोलमागे पक घेऊन उभा, कोणी अंगावर नाही, मी आरामात उजव्या विंगरला पास दिला, आणि मध्ये त्यांचा एक प्लेयर होता जो पूर्ण पाठ करून परत चालला होता. पाठ! त्याला पक दिसायचाच प्रश्न नव्हता. तो जागच्या जागी गर्रकन वळला, स्टिक टाकली, पक त्याच्या स्टिकला चिकटला, पुढच्या सेकंदाला गोलसमोरून आडवा पास आणि गोल. २-२. ओव्हरटाइममध्ये फेसऑफ (दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करतात तो) त्यांनी जिंकला आणि अकराव्या सेकंदाला सेम टू सेम आडवा पास, सेम गोल. मॅच खलास.

मी रिप्ले स्लो मोशनमध्ये चार-पाच वेळा बघितला आणि खरी तिडीक तिथे गेली डोक्यात. तो प्लेयर वळायला सुरुवात करतो तेव्हा पक अजून माझ्या डिफेंडरच्या स्टिकवरच आहे. म्हणजे मी बटण दाबलं आणि त्याला कळलं. हे हॉकी कसलं, हे तर पत्ते बघून पत्ते खेळणं झालं.

आणि हे एकदाचं नाही. एका गोलने पुढे असलो की शेवटच्या दोन मिनिटांत त्यांच्या चौथ्या लाइनचा, म्हणजे शेवटच्या तुकडीचा, सुस्त प्लेयर माझ्या सगळ्यात फास्ट विंगरला मागून येऊन गाठतो, माझे शॉट पोस्टला लागायला लागतात, माझे पास एक फूट मागे पडतात. आणि अजून एक गोष्ट मला कोणीतरी समजावून सांगा, बर्फावर माझे पाच असतात त्यातला मी एकच चालवतो ना, बाकीचे चार पण कॉम्प्युटरच चालवतो, मग त्यांच्याकडचा कॉम्प्युटर येवढा हुशार आणि माझ्याकडे आला की खांबासारखा उभा, हे कसं काय?

हरायला माझी ना नाही. चांगल्या टीमकडून ५-० हरलो तर दुसऱ्या दिवशी परत बसतो. पण नियम मला एक आणि त्याला एक असतील तर ते आधी सांगा ना. सेटिंगमध्ये लिहा की या लेव्हलला कॉम्प्युटरला जास्तीचा स्पीड मिळतो, मी मान्य करून खेळीन.

तिसरी_लाइन

अगदी, अगदी! मी तर एक गोलने पुढे असलो की पोटात गोळाच येतो, दोन गोलने मागे असलो की निवांत, कारण तेव्हा कॉम्प्युटर पण निवांत असतो. हा खोटारडेपणा सगळ्या स्पोर्ट्स गेममध्ये आहे. बास्केटबॉलच्या एनबीए जॅमचं उदाहरण तर आता उघड आहे, १९९३ चा मिडवेचा आर्केड गेम, तो बनवणारा मार्क टर्मेल डेट्रॉइट पिस्टन्सचा फॅन, त्याने नंतर स्वतः सांगितलं की पिस्टन्सविरुद्ध शिकागो बुल्सची मॅच अटीतटीची झाली तर शेवटच्या क्षणी बुल्सचे शॉट हुकतील असा कोड त्याने घातला होता. लोकं तेव्हा म्हणायची काहीतरी गडबड आहे, तर त्यांना वेड्यात काढायचे. गडबड होतीच की!

शक्यतावाला

राग समजतो पण आधी आकडे बघू.

खऱ्या एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या हॉकी लीगमध्ये, गोली ढोबळमानाने दहातले नऊ शॉट अडवतो. तेच धरलं तर २७ शॉटवर दोन किंवा त्याहून कमी गोल होण्याची शक्यता किती येते माहितीये? जवळपास ४८ टक्के. म्हणजे येवढे शॉट मारून दोनच गोल हे काही आक्रीत नाही, निम्म्या वेळा तसंच होणार. त्यांचे शेवटी ८ शॉट झाले आणि ३ गोल, ते मात्र खरंच दुर्मिळ, शंभरात चार वेळा. आता तुम्ही सीझनच्या शंभर मॅच खेळत असाल तर असल्या दोन-चार रात्री कोणी चीटिंग न करताही येणार, आणि नेमक्या त्याच लक्षात राहणार.

पण यात मी सगळे शॉट सारखे धरलेत, तिथेच खरी मेख आहे. गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. बाजूच्या बोर्डाजवळून मारलेल्या शॉटला त्यातला गोलीच्या अंगाबाहेरचा भाग किती दिसतो, जवळजवळ काही नाही. आणि तुम्ही सांगितलेला तो आडवा पास, त्यात गोली एका पोस्टवरून दुसऱ्या पोस्टला सरकत असतानाच शॉट येतो. त्यांचे आठही शॉट असले असतील आणि तीनात एक आत जात असेल तर आठात तीन किंवा जास्त गोल निम्म्याहून जास्त वेळा होणार. तुमचे २७ कुठून मारले होते ते बघा एकदा.

अजून एक. सिव्हिलायझेशन हा डावपेचांचा गेम बनवणारे सिड मायर, त्यांचं २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधलं भाषण याच विषयावर होतं. त्यांच्या गेममध्ये लढाईआधी बलाबल दिसायचं, आणि तीनास एक असं आपल्या बाजूने असताना प्लेयर हरला की चिडायचा, गेम बिघडलाय म्हणायचा, पण एकास तीन असताना जिंकला की एक अक्षर तक्रार नाही. माणसाचं मनच असं चालतं, मी स्वतःला यातून वगळत नाहीये.

निळी_रेषा

शॉटचं पटलं, माझे बरेचसे बाहेरूनच असतात हे खरंय. पण पाठमोरा प्लेयर पक सुटायच्या आधी वळतो त्याला शक्यता काय करणार? तो तर मी डोळ्याने बघितलाय.

कोडकाम

मी गेमच्या एआयवर काम करतो, हॉकी नाही, दुसऱ्या खेळाचा गेम आहे, पण आतली रचना बरीच सारखी असते म्हणून लिहितोय. जरा लांबेल.

कॉम्प्युटर स्क्रीन बघत नाही. त्याला डोळे नाहीत, पाठ नाही, त्यामुळे पाठमोरा असण्याला त्याच्या लेखी काही अर्थच नाही, जोपर्यंत आम्ही मुद्दाम नजरेचा कोन कोडमध्ये घालत नाही. त्याला मिळतात ते आकडे, पक कुठे आहे, किती वेगाने कुठे चाललाय, प्रत्येक प्लेयर आत्ता काय करतोय. तुम्ही पासचं बटण दाबलं की त्याच क्षणी गेमच्या आत नोंद होते की अमक्याने तमक्याला पास सुरू केला. स्टिक मागे जाऊन पक सुटेपर्यंतचं अॅनिमेशन तुमच्या डोळ्यांसाठी आहे. ती नोंद एआयला लगेच वाचू दिली तर तो पुढच्या फ्रेमला हलू शकतो, ६० फ्रेमच्या गेममध्ये म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात. माणसाला दिसलेल्या गोष्टीवर हात हलवायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम. म्हणून आम्ही एआयला मुद्दाम उशीर करायला लावतो, मुद्दाम चुका करायला लावतो, आणि डिफिकल्टी वाढवली की तो उशीर आणि त्या चुका कमी करत नेतो. लोकांना वाटतं वरच्या लेव्हलला कॉम्प्युटर जास्त हुशार होतो, तर तसं फार कमी गेममध्ये होतं. खरा हुशार विरोधक, जो तुमची सवय ओळखून फोरचेक (तुमच्या भागात येऊन दबाव टाकायची पद्धत) बदलेल, तो बनवायला महिनेच्या महिने जातात. उशीराचा आकडा १५ वरून २ करायला काय, एक मिनिट. डेडलाइन आली की कोणता मार्ग निवडला जातो ते वेगळं सांगायला नको, आणि मला स्वतःला याचं वाईट वाटतं.

तुमच्या चार खांबांबद्दल. टीममेट जास्त शहाणे केले तर ते तुमच्या मनातली जागा सोडून भलतीकडे जातात, तुम्ही पास द्यायला बघता तिथे कोणीच नसतं, आणि मग तक्रार येते की गेम माझ्या हातातून काढून घेतो. म्हणून त्यांना तुमची वाट बघत थांबायला शिकवलेलं असतं. समोरचे पाच मात्र एकाच डोक्याने चालतात, पास देणारा आणि घेणारा दोघांनाही एकमेकांचं आधीच माहीत असतं. हा फरक खरा आहे, तुमचा भास नाही.

पण शेवटच्या दोन मिनिटांत मुद्दाम हरवतात का, हे पुराव्याशिवाय मी म्हणणार नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात ईए स्पोर्ट्सच्या गेमबद्दल, त्यात एनएचएलचा हॉकी गेम पण होता, खटला झाला होता की डिफिकल्टी गुपचूप बदलली जाते म्हणून. कंपनीने त्यांच्या अल्टिमेट टीम मोडमध्ये तसलं काही नाही असं सांगितलं, फिर्यादींना तांत्रिक माहिती दिली, इंजिनियरांशी बोलू दिलं, आणि २०२१ मध्ये फिर्यादींनीच खटला मागे घेतला. तेव्हा तपासल्याशिवाय शिक्का मारू नका.

तपासायचं कसं? प्रॅक्टिस मोड किंवा साधी मॅच रेकॉर्ड करा, लांबचे पास द्या आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा, पक स्टिकवरून कधी सुटला आणि समोरचा कधी वळला. फक्त एक लक्षात ठेवा, स्टिक मागे जाताना खरा माणूस पण ओळखू शकतो, तेव्हा जे पाठमोरे होते तेवढेच मोजा.

जुना_गोली

कोडचं मला कळत नाही, मी एनएचएल ९४ या गेमपासून खेळतोय, १९९३ ला आला तो, वन-टायमर म्हणजे आलेला पास न थांबवता थेट मारायची सोय त्यात पहिल्यांदा आली आणि तेव्हापासून कॉम्प्युटर तोच एक आडवा पास मारतोय. तीसेक वर्षांत बदलला नाही, मग आपण तरी का नाही अडवत?

निळी रेषा, तू एक सांग, गोल होतो तेव्हा तुझ्या हातात कोणता प्लेयर असतो? मला खात्री आहे की पक ज्याच्याकडे आहे त्याच्यावर तू धावून जातोस आणि पोक चेकचं (स्टिकने ढोसून पक काढून घ्यायचं) बटण बडवतोस. ते सोड. पकवाल्याला गोलीवर सोपव, बाजूच्या कोनातून येणारा शॉट गोली अडवतोच. तू डिफेंडर घे आणि गोलसमोर, दोन पोस्टच्या मध्ये जो पट्टा आहे तिथे ये, स्टिक बर्फावर आडवी टाकून ठेव आणि नजर दुसऱ्या पोस्टजवळ फुकटात उभ्या असलेल्या प्लेयरवर. आडव्या पासची वाट बंद केली की कॉम्प्युटर गोंधळतो, परत मागे, गोलपासून लांबच्या ब्लू लाइनकडे पास देतो, पुन्हा फिरून येतो, तेवढ्यात तुझे बाकीचे चौघं जागेवर आलेले असतात. पोक चेक कमी केलास की ट्रिपिंगच्या (समोरच्याला अडखळवून पाडण्याच्या) दोन-दोन मिनिटांच्या पेनल्ट्या पण थांबतील, अर्धे गोल तर त्यांच्या पॉवर प्लेवरच, म्हणजे तुझा एक प्लेयर बाहेर बसलेला असतानाच, खाल्ले असशील.

आणि पुढे असताना शेवटच्या दोन मिनिटांत गोलमागून मधल्या बाजूने पास? नको रे बाबा. पक काच-बोर्डावरून आपल्या भागाबाहेर मार आणि लाइन बदलून घे. दमलेल्या प्लेयरला मागून कोणीही गाठतं, त्याची एनर्जी बघितली होतीस का?

निळी_रेषा

चार दिवसांनी परत आलो, सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः कोडकाम यांचे, कारण कोणीतरी आतून सांगितलं म्हणून डोकं शांत झालं.

रेकॉर्ड केलं. पाठमोऱ्या प्लेयरजवळून वीस पास दिले, त्यातल्या चौदा वेळा तो पक सुटायच्या आधी वळलेला दिसला. एक लेव्हल खाली उतरून परत वीस दिले, तेव्हा फक्त तीन वेळा. म्हणजे तो भाग माझा भास नव्हता, आणि हे लिहितानाही मला राग येतोय, कारण मी येवढे दिवस स्वतःला बोल लावत होतो की पासच नीट देता येत नाही. मग स्लायडरमध्ये, म्हणजे एकेक क्षमता कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये गेलो, कॉम्प्युटरची पास अडवायची क्षमता खाली आणली, पासची अचूकता पण थोडी कमी केली, बाकी लेव्हल होती तीच ठेवली. आता तो पास सोडतो कधीकधी, त्याच्याही स्टिकवरून पक उडतो, आणि मॅच हॉकीसारखी वाटायला लागली.

दमलेल्या प्लेयरचं पण खरं निघालं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तो विंगर मागून गाठला गेला तेव्हा त्याची एनर्जी जवळजवळ संपलेली होती, मी दीड मिनिट त्याला बदललंच नव्हतं. हे मी कॉम्प्युटरच्या नावावर टाकलं होतं ते परत घेतो. गोलसमोरचा पट्टा धरून खेळायला मात्र अजून जमत नाहीये, हात आपोआप पकवाल्याकडे धावतो.

तिसरी_लाइन

सगळं ठीक, पण मग स्लायडर खाली करून जिंकलेली मॅच खरी जिंकलेली धरायची का? मला ते मनाला लागतं राव.

कोडकाम

धरा की. त्या वरच्या लेव्हलचे आकडे पण आमच्यासारख्याच कोणीतरी बसून ठरवलेत, आणि बऱ्याचदा घाईत. एनबीए जॅमचंच घ्या, त्याच्या टुर्नामेंट एडिशनला मागे पडलेल्याला मिळणारी कॉम्प्युटरची मदत सेटिंगमधून बंद करता यायची. मदत आहे हे लिहिलेलं होतं आणि बटण तुमच्या हातात होतं. आजच्या गेममध्येही तेवढंच हवंय.

जुना_गोली

निळी रेषा, हात धावतो त्याला एक उपाय. एक अख्खा पीरियड पोक चेकच्या बटणाला बोटच लावायचं नाही असं ठरवून खेळ, दहा गोल झाले तरी चालतील. तिसऱ्या-चौथ्या मॅचला पाय आपोआप गोलसमोर थांबायला लागतात. जमलं की इथे सांग, मग फेसऑफचं बघू.