पुण्याची मोठी कंपनी की चिकलठाण्यातली छोटी? पहिल्या नोकरीबाबत मदत हवी आहे

दुधनाकाठ:

नमस्कार मंडळी,

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातली. २०२५ मध्ये नांदेडहून कॉम्प्युटर सायन्समध्ये बी.टेक. झाले. सध्या दोन ऑफर आहेत आणि त्यातल्या एकीला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. आमच्या घरात, भावकीत आयटीत कुणीच नाही आणि मैत्रिणींना माझ्याइतकंच कळतं. म्हणून इथं सविस्तर लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली ऑफर पुण्याची. मोठी सर्व्हिस कंपनी, ऑफिस हिंजवडीत, कॅम्पसमधूनच मिळालेली. पॅकेज ३ लाख ६० हजार. त्याची फोड बघितली तर ३० हजार व्हेरिएबल, ८ हजार विम्याचे, शिवाय कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीसुद्धा त्यातच धरलेली. हे सगळं आणि माझा पीएफ, प्रोफेशनल टॅक्स जाऊन हातात महिन्याला बावीस हजारांच्या आसपास पडतील. दोन वर्षांचा बाँड, आधी सोडलं तर ७५ हजार भरायचे. काम कुठलं ते ट्रेनिंगनंतर ठरणार, म्हणजे डेव्हलपमेंट, टेस्टिंग, सपोर्ट, काहीही. आणि जॉइनिंगची तारीख अजून नाहीच. मेल केला की ‘बिझनेस रिक्वायरमेंटनुसार कळवू’ एवढंच उत्तर येतं.

दुसरी ऑफर छत्रपती संभाजीनगरची. चिकलठाणा एमआयडीसीतली तीसेक माणसांची कंपनी. कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतात: प्रॉडक्शन ट्रॅकिंग, बारकोड, मशीनच्या पीएलसीतून (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) डेटा घेऊन तो एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये भरणं, सुपरवायझरसाठी डॅशबोर्ड. सगळं सी शार्प आणि डॉट नेटमध्ये. पगार महिना १८ हजार. पुढच्या सोमवारपासून या म्हणतात.

इंटरव्ह्यूची दुसरी फेरी त्यांनी ऑफिसात घेतलीच नाही, वाळूजला एका क्लायंटच्या प्लांटमध्ये नेलं. तिथं असेंब्ली लाइनवर त्यांचंच सॉफ्टवेअर चालू होतं. ऑपरेटर कास्टिंगवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, मग बोल्ट आवळायचा, आणि टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा ठरलेल्या मर्यादेत नसेल तर फिक्श्चर, म्हणजे पार्ट धरून ठेवणारा साचा, पार्ट सोडायचंच नाही. स्क्रीन लाल. मी तिथं उभी असतानाच एक पार्ट अडकला. ऑपरेटरनं बोल्ट सैल करून पुन्हा आवळला, स्क्रीन हिरवी झाली आणि पार्ट पुढं गेला. स्क्रीनवरची बटणं भलतीच मोठी दिसली म्हणून विचारलं. सोबतचे सर म्हणाले, आधी छोटी होती, पण हातमोजे घातलेल्या माणसाला ती दाबता येईनात, म्हणून वाढवली. कॉलेजच्या चार वर्षांत मी जे प्रोजेक्ट केले ते फक्त परीक्षकांनी बघितले. इथं कुणीतरी रोज आठ तास तुमचा कोड वापरतंय. मला ते काम फार आवडलं, हे आधीच सांगून टाकते.

पण त्यांच्याही अटी आहेत. दीड वर्षाचा बाँड. दहावीपासून डिग्रीपर्यंतच्या मूळ मार्कशीट कंपनीकडे जमा करायच्या आणि वर एक सही केलेला कोरा चेक द्यायचा. एचआर म्हणतात, सगळेच देतात, काळजी करू नका.

घरची बाजू अशी. शिक्षण कर्जाचे साधारण ३ लाख शिल्लक आहेत आणि येत्या उन्हाळ्यानंतर हप्ता सुरू होईल, महिन्याला पाच हजारांच्या घरात. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत नदीकाठचं सोयाबीन पाण्यात गेलं, त्यामुळे हा हप्ता बाबांवर टाकायचा नाही हे मी माझ्यापुरतं ठरवलंय. घरून बंधन कुठलंच नाही. आई म्हणते पुण्याला जा, बाबा म्हणतात जिथं शिकायला मिळेल तिथं जा.

माझे प्रश्न: छोट्या कंपनीतला अनुभव पुढं मोठ्या ठिकाणी धरतात का? कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गेले तर तिथंच अडकून पडेन का? मूळ कागदपत्रं देणं खरंच सर्रास चालतं का? आणि तारीख नसलेल्या ऑफरची वाट किती बघायची?

---

खराडीकर:

माझं मत स्पष्ट आहे, पुणे. मी जालन्याचा, बरीच वर्षं इथं आहे. पहिल्या कंपनीचं नाव रेझ्युमेवर पुढं खूप काळ कामाला येतं. मोठ्या कंपनीत तुमच्यासोबत शेकडो पोरं लागतात. कोण कुठं स्विच झालं, कुठं ओपनिंग आहे, रेफरल कोण देईल, हे सगळं त्यांच्याकडून कळतं. छोट्या ठिकाणी एकच सीनियर असतो, तो सोडून गेला की तुम्ही वाऱ्यावर. कोड रिव्ह्यू नाही, टेस्टिंग नाही, आणि दोन वर्षांनी इंटरव्ह्यूत बसल्यावर कळतं की आपल्याला चुकीच्या सवयी लागल्यात.

एक मात्र मान्य. तारीख नसलेली ऑफर म्हणजे नोकरी नव्हे. २०२२ च्या बॅचमधल्या कितीतरी पोरांना ऑफर लेटर हातात असून वर्षाच्या वर थांबावं लागलं, तेव्हा पेपरात बातम्याही आल्या होत्या. त्यामुळे नुसतं घरी बसून वाट बघू नका. एवढंच म्हणेन की शक्य झालं तर पुण्यातच दुसरं काहीतरी बघा.

---

वाळूज_पंढरपूर:

पोरी, तू जी लाइन बघितलीस तसल्याच लाइनवर मी मेंटेनन्समधून सुरुवात केली आणि आता एका प्लांटचं एमईएस, म्हणजे उत्पादनावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर, सांभाळतो. ‘अडकून पडेन का’ याचं उत्तर देतो.

गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांना आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्तेचं मानक सांभाळावं लागतं. त्यात ट्रेसेबिलिटी आली. म्हणजे उद्या दोषामुळे गाड्या परत मागवाव्या लागल्या तर हा पार्ट कुठल्या दिवशी, कुठल्या मशीनवर, कुठल्या बॅचच्या मालातून बनला, हे काढून दाखवता आलं पाहिजे. ते कागदी रजिस्टरवर होत नाही, म्हणून असल्या सॉफ्टवेअरला मागणी आहे आणि ती वाळूजपुरती नाही. चाकण, तळेगाव, होसूर, चेन्नई, सगळीकडे आहे. आपल्याकडेही बिडकीनला एथर आणि टोयोटा-किर्लोस्करचे प्रकल्प जाहीर झालेत. पीएलसीची भाषा कळणारा आणि डेटाबेसही नीट लिहिणारा माणूस आम्हाला शोधून सापडत नाही. इलेक्ट्रिकलवाल्याला एसक्यूएल येत नाही, कॉम्प्युटरवाला मशीनजवळ यायला घाबरतो.

पण खराडीकरांचा मुद्दा खोटा नाही. छोट्या कंपन्या दोन प्रकारच्या असतात. एकीत तू खरंच कोड लिहितेस. दुसरीत तुला लॅपटॉप देऊन प्लांटवर बसवतात आणि ‘स्कॅनर चालेना’, ‘प्रिंटर अडकला’ असले फोन उचलण्यात वर्ष जातं. होकार देण्याआधी दोन गोष्टी विचार. मागच्या वर्षी घेतलेल्या फ्रेशरनं आतापर्यंत काय बनवलं, आणि त्याच्याशी पाच मिनिटं बोलता येईल का? दुसरं, कोड गिटवर (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली) आहे का आणि तो लाइव्ह जायच्या आधी कोण तपासतं? सरळ उत्तर आलं तर जा. ‘ते सगळं बघू नंतर’ असं आलं तर विचार कर.

आणि शटडाउन दिवाळीत असतो हे आत्ताच माहीत असू दे. नवं सॉफ्टवेअर प्लांट बंद असतानाच टाकता येतं, त्यामुळे सणाला घरी जायचं म्हटलं की ओढाताण होणार.

---

एचआर_लातूर:

मी कागदपत्रांपुरतं बोलते, कारण माझं रोजचं काम तेच आहे.

मूळ मार्कशीट द्यायच्या नाहीत. कुणालाच. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवायचे, सेल्फ अटेस्टेड झेरॉक्स द्यायच्या आणि मूळ कागद त्याच दिवशी घरी न्यायचे. उद्या पासपोर्टला, एम.टेक.च्या प्रवेशाला किंवा एखाद्या सरकारी भरतीला तुला ते लागले तर त्यांच्या दारात उभं राहावं लागेल. ‘सगळेच देतात’ हे खरं असेलही, म्हणून ते योग्य ठरत नाही.

सही केलेला कोरा चेक तर त्याहून वाईट. आकडा समोरचा भरणार, आणि चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार तुझ्यावर होऊ शकते.

बाँडचं वेगळं आहे. बाँड म्हटला की तो बेकायदाच, असं पोरं बिनधास्त म्हणतात, त्यावर जाऊ नकोस. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख भरायची अट वैध ठरवली. तिथं सरकारी बँकेचा भरतीवरचा खर्च हे कारण होतं, प्रत्येक खासगी कंपनीला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच असावी लागते. पण बाँडला अर्थच नाही असं समजून सही करू नकोस. रक्कम किती आणि ती महिन्यागणिक कमी होते का, हे लेखी घे.

आता पगार. ते १८ हजार हातात की ग्रॉस, म्हणजे कपातीच्या आधीचे? ग्रॉस असतील तर पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापून हातात सोळा हजारांच्या आसपास येतील. प्रोफेशनल टॅक्स तुला दोन्हीकडे लागणार नाही. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे, त्यामुळे पुण्याच्या हिशोबातही दोनशे रुपये वाढव.

पीएफ असणं फार महत्त्वाचं. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो, म्हणजे यांना तो असलाच पाहिजे. तू विचारलंस ना छोट्या कंपनीचा अनुभव धरतात का? आम्ही उमेदवार घेतो तेव्हा त्याचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, मागतो आणि पीएफची सर्व्हिस हिस्ट्री बघतो. तिथं कंपनीचं नाव आणि महिने दिसले की विषय संपतो. पगार रोखीत, पीएफ नाही, नुसतं लेटरहेडवरचं अनुभवपत्र, अशांच्या बाबतीत आमचीच पंचाईत होते. पोरगं खरं बोलत असतं, पण ते सिद्ध करता येत नाही.

---

दुधनाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, ताई, तुम्ही सांगितलेले प्रश्न वहीत लिहून काल कंपनीत फोन केला. एचआरनं आधी तेच ‘पॉलिसी आहे’ लावून धरलं. मग मी थेट मालकांशी बोलायची विनंती केली. ते स्वतः जुने प्रोग्रामर आहेत. त्यांना मी म्हणाले, सर, मला तुमच्याकडेच काम करायचंय, पण मूळ मार्कशीट आणि कोरा चेक देणार नाही, बाँड लेखी द्यायला तयार आहे.

ते थोडे नाराज झाले. दोन पोरं ट्रेनिंग घेऊन तीन महिन्यांत पुण्याला पळाली म्हणाले. त्यांचंही चूक आहे असं मला वाटलं नाही. शेवटी ठरलं ते असं: मूळ कागद नाहीत, चेक नाही. बाँड एक वर्षाचा, रक्कम ४० हजार आणि ती दर महिन्याला कमी होत जाणार. पीएफ पहिल्या महिन्यापासून. १८ हजार ग्रॉसच आहेत, पण सहा महिन्यांनी पगाराचा विचार करू हे ऑफर लेटरमध्ये घालायला तयार झाले. मागच्या वर्षीच्या फ्रेशरशीही मी बोलले. ती मुलगी लातूरची आहे. पहिले चार महिने नुसता सपोर्टच होता, आता रिपोर्टिंगचं अख्खं मॉड्यूल तिच्याकडे आहे. कोड गिटवर आहे. रिव्ह्यू सर करतात, पण घाई असली की राहून जातो, हेही तिनं सांगितलं.

हिशोब असा मांडलाय: मुकुंदवाडीत शेअरिंगमध्ये रूम आणि मेस मिळून सहा हजार, हप्ता पाच हजार, उरलेल्यात बाकी सगळं. पुण्यात हातात सहा हजार जास्त येतील, पण हिंजवडीत राहणाऱ्या मैत्रिणीचा पीजी आणि जेवणाचाच खर्च माझ्या इथल्या खर्चाच्या दुप्पट आहे. शिवाय सेलूहून रेल्वेनं अडीच तासांत पोहोचते.

त्यामुळे इथंच जॉइन व्हायचं ठरवलंय. खराडीकर दादा, तुमचं म्हणणं सोडून दिलेलं नाही. वर्षभरात डॉट नेट पक्कं करून आणि डेटा स्ट्रक्चर्सचा सराव चालू ठेवून मग पुण्याकडे बघेन.

एकच राहिलं. पुण्याच्या कंपनीला आत्ताच नकार कळवावा, की तारीख येईपर्यंत गप्प बसावं?

---

खराडीकर:

ठरवलंत ते विचार करून ठरवलंत, आता मागं बघू नका. चिकलठाण्याच्या बाँडवर सही झाली की दोन ओळींचा नम्र मेल टाका: अन्यत्र रुजू होत असल्यानं ऑफर स्वीकारू शकत नाही, संधीबद्दल आभार. पुण्याच्या बाँडवर सही झालेली नसेल तर पैशाचा प्रश्न येत नाही, पण ऑफर लेटर एकदा शेवटपर्यंत वाचून घ्या. वर्ष झालं की इथंच लिहा, आमच्याकडे डॉट नेटच्या जागा निघत असतात.

---

एचआर_लातूर:

मेल पाठवायच्या आधी चिकलठाण्याचं सुधारित ऑफर लेटर हातात घे. फोनवर मान्य केलेलं त्यात सगळं आलंय का ते ओळ न ओळ तपास, विशेषतः महिन्यागणिक कमी होणारी रक्कम.

---

दुधनाकाठ:

हो ताई. आज दुपारी लेटर आलं. बाँडची रक्कम बरोबर आहे, पण सहा महिन्यांनंतरच्या पगाराचं वाक्य राहून गेलंय. तसा मेल केलाय, उद्या सुधारून देतो म्हणालेत. ते आलं की सही करते.

मुकुंदवाडी किंवा चिकलठाण्याच्या बाजूला मुलींसाठी चांगली मेस कुणाला माहीत असेल तर सांगा. रविवारी रूम बघायला येतेय.