मदत हवी आहे: वाळूच्या पेटीत पुरलेल्या नकली भूसुरुंगाचा अनुनाद (ठरावीक वारंवारतेला वाढणारं कंपन) वेगळा कसा काढायचा?

मिसिसिपी विद्यापीठात जेम्स सबाटियर यांनी आवाजाने जमीन हलवून लेसर डॉप्लर व्हायब्रोमीटरने (स्पर्श न करता लेसरने कंपन मोजणारं यंत्र) सुरुंगावरच्या मातीचं कंपन मोजलं. आमच्याकडे लेसर नाही. लाकडी पेटीत कोरडी वाळू, सुरुंग म्हणून 5 सेंमी खोल पुरलेला पातळ झाकणाचा रिकामा प्लास्टिक डबा, वर टांगलेला वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर), 80 ते 300 हर्ट्झचा स्वीप (हळूहळू चढत जाणारा स्वर) आणि जिओफोन (जमिनीचं कंपन टिपणारा सेन्सर), एवढंच.

डब्यावर कंपनाचं शिखर स्पष्ट येतं, पण मोकळ्या वाळूतही तसंच एक दिसतं. पेटीच्या भिंतींवरून लाटा परततात, हा पहिला संशय. जिओफोनचं वजनही वारंवारता खाली ओढतं, आणि वाळू ठोकून बसवली की शिखर सरकतं.

भिंतींना आतून फोम लावावा, की पेटीच मोठी करावी? जिओफोनऐवजी हलका ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा छोटा सेन्सर) वाळूत टेकवायचा कसा? दोन वूफरवर दोन स्वर वाजवून डब्यावर उमटणारी वजाबाकीची वारंवारता (दोन्ही स्वरांच्या वारंवारतांमधला फरक) शोधली, तर दोन्हींना वेगळे ॲम्प्लिफायर लागतील ना? नाहीतर ॲम्प्लिफायरची स्वतःची विकृतीच (त्याने मिसळलेले जादा स्वर) सुरुंग म्हणून दिसेल.